माळ्यावरची ट्रंक रद्दीत घालण्याआधी

मागच्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं, की पुण्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांच्या घरी राजकीय कागदपत्रं अजून आहेत आणि दर पावसाळ्यात ती कमी होत चालली आहेत. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. त्यांतली पाच इथे घेतली आहेत. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलं आहे, कारण तिथे घाई आहे. वाडा पाडायची वेळ जवळ आली आहे. मी पुण्यातल्या एका ग्रंथालयात ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची १४ खासगी कागदपत्रांच्या विभागात. जे लिहिते आहे ते तिथल्या टेबलावर बसून शिकले.

प्रश्न : नमस्कार बाई. आमचा नारायण पेठेतला वाडा दिवाळीनंतर पाडणार आहेत. माळा आवरताना आजोबांची पत्र्याची ट्रंक सापडली. आजोबा प्रजा समाजवादी पक्षाचे साधे कार्यकर्ते. स्वतः कधी निवडणुकीला उभे राहिले नाहीत. ट्रंकेत एस. एम. जोशींची दोन आणि नानासाहेब गोऱ्यांचं एक पत्र आहे. ती फ्रेम करून नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये लावायची असं ठरलं आहे. बाकी १९५६-५७ मधली हँडबिलं, देणगीची पावतीपुस्तकं, सभांच्या खर्चाच्या वह्या आणि ढीगभर पोस्टकार्डं आहेत. मोठ्या माणसांची पत्रं काढून घेतल्यावर उरलेलं रद्दीत दिलं तर चालेल ना?
(एक वाचक, नारायण पेठ)

उत्तर : नाही चालणार. कृपा करून एकही कागद देऊ नका. आणि ती तीन पत्रंही फ्रेम करू नका. हॉलमधल्या उजेडात शाई काही वर्षांत फिकी पडेल. लावायचीच असतील तर चांगली रंगीत प्रत काढून ती लावा.

एस. एम. आणि नानासाहेब यांची पत्रं मोलाची आहेतच. पण त्या दोघांविषयी पुष्कळ लिहिलं गेलं आहे, त्यांचं स्वतःचं लेखन छापून आलं आहे, त्यांची पत्रं आणखीही घरांतून निघतील. तुमच्या आजोबांच्या पावतीपुस्तकाची मात्र दुसरी प्रत कुठेही नाही.

६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. प्रजा समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष (शेकाप), शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन, एरवी एकमेकांची तोंडं न पाहणारी माणसं एका मांडवात आली. पुढच्याच वर्षीच्या निवडणुकीत पुण्यातून नानासाहेब गोरे लोकसभेवर गेले आणि एस. एम. विधानसभेवर. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं. इतकं शाळेच्या पुस्तकातही मिळेल. पण तुमच्या पेठेत ही माणसं एकत्र कशी राबली? कम्युनिस्ट वक्त्याच्या सभेचं लाउडस्पीकरचं भाडं समाजवाद्यांच्या वहीत पडलं का? शेकापच्या पाहुण्याला कुणाच्या घरी उतरवलं? चार आणे कुणी दिले आणि पाच रुपये कुणी? भांडणं कशावरून झाली? नेत्यांच्या आठवणींत हे येत नाही, कारण नेते रात्री सभा संपल्यावर पुढच्या गावाला निघून जात. मागे राहून सतरंज्या गोळा करणाऱ्याच्या वहीत ते असतं. तुमचे आजोबा तो माणूस होते.

पावतीपुस्तक हातात घेतलंत तर एक गोष्ट बघा. १ एप्रिल १९५७ पासून आपल्याकडे आण्यांच्या जागी नये पैसे सुरू झाले. काही काळ लोक दोन्ही नाणी वापरत होते, म्हणून आण्यांवरून पक्की तारीख ठरवता येत नाही. पण ज्या पावतीवर तारीखच नाही तिचा काळ कळायला एवढा धागाही कामाला येतो. हँडबिल असेल तर तळाची बारीक ओळ आधी वाचा. छापखान्याचं नाव आणि ठिकाण प्रत्येक छापील कागदावर असलंच पाहिजे, असा दंडक १८६७ च्या कायद्याने घातला होता. पन्नास हँडबिलांच्या तळच्या ओळी एकाखाली एक मांडल्या की कुठला छापखाना कुणाचं काम करत होता, उधारीवर करत होता की विचाराने जवळचा होता म्हणून, हे उलगडू लागतं. पोस्टकार्डावर टपालाचा शिक्का असतो. शिक्क्यावरून गाव, गावावरून आजोबांचं जाळं. भोर, जुन्नर, बारामती अशी नावं निघाली तर पेठेतल्या या माणसाचा हात जिल्ह्यात कुठवर पोचला होता हे कळेल. एका पोस्टकार्डात काहीच नसतं, दोनशेत असतं.

माझ्या हातून घडलेली एक गोष्ट इथे सांगते. नोकरीची सुरुवातीची वर्षं होती. एका दिवंगत कार्यकर्त्याचे कागद तीन पोत्यांतून आमच्याकडे आले. आत सुतळीने बांधलेली पुडकी होती. मी उत्साहाने सुतळ्या कापल्या, ओळखीच्या सह्यांची पत्रं बाजूला काढली आणि नावांच्या अकारविल्हे फायली केल्या. टेबल स्वच्छ दिसत होतं, वरिष्ठांनी कौतुक केलं. सात-आठ वर्षांनी एक संशोधक आले. त्यांना हवं होतं ते असं : या कार्यकर्त्याने एका सत्याग्रहातून आयत्या वेळी माघार का घेतली? पत्रं वाचून झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "ही पत्रं मुळात कशी बांधलेली होती?" मला सांगता येईना. त्या माणसाने स्वतःच्या हाताने कुठलं पत्र कुठल्या हिशेबाशी, कुठल्या निरोपाच्या चिठ्ठीशी बांधून ठेवलं होतं, त्यात ते उत्तर असणार होतं. ती गाठ मी सोडली होती आणि पुन्हा बांधायला कुणीच उरलं नव्हतं. संशोधक शांतपणे निघून गेले. मला आजही त्या सुतळ्या आठवतात.

म्हणून आमच्या कामात पहिला नियम मूळ क्रमाचा. ज्याचे कागद, त्याने लावले तसे ठेवायचे आणि दुसऱ्याच्या कागदांत मिसळायचे नाहीत. तुम्ही तीन पत्रं काढून घेतलीत तर उरलेल्या ट्रंकेला कुणी विचारणार नाही आणि ती तीन पत्रंही मुकी होतील. एस. एम.नी तुमच्या आजोबांना का लिहिलं, याचं उत्तर ट्रंकेत आहे.

आज बिनकामाचं वाटतं त्याचं पुढे काय होतं याचा दाखला पुण्यातच आहे. काउन्सिल हॉलजवळच्या पुराभिलेखागारात, ज्याला आपण पेशवे दफ्तर म्हणतो, तिथे सुमारे ३९,००० रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे आहेत. १९३० ते १९३४ या काळात रियासतकार सरदेसाई यांनी त्यातले कागद निवडून ४५ खंड काढले. केवढं प्रचंड काम ते! पण निवड होती ती मुख्यतः स्वाऱ्या, मसलती, दरबारी राजकारण यांची, कारण त्या काळाचे प्रश्न ते होते. गावांचे जमाखर्च, वतनांचे तंटे, जातींचे निवाडे रुमालांतच राहिले. पुढे अ. रा. कुलकर्णींसारख्या अभ्यासकांना आणि जपानहून आलेल्या हिरोशी फुकाझावांना मराठ्यांच्या काळातला साधा माणूस कसा जगत होता हे शोधायचं होतं, तेव्हा असले कागद उपयोगी पडले. निवडीत न बसलेले म्हणून ते कुणी जाळले असते तर? सरदेसायांनी निवड केली, पण उरलेलं जागेवर ठेवलं. तुम्हीही तेवढंच करा.

आता कामाचं. ट्रंक हलवण्याआधी झाकण उघडून वरून फोटो घ्या. मग एकेक पुडकं काढा, काढलं त्या क्रमाने चिठ्ठीवर आकडा घाला, चिठ्ठी पुडक्यात सरकवा. आकडा पेन्सिलीने, आणि चिठ्ठीवरच, कागदावर नाही. गंजलेल्या टाचण्या ओढून काढू नका, कागद फाटतो. निघत असतील तर हळूच, नाहीतर राहू द्या. सेलोटेप अजिबात नको. लॅमिनेशन तर नकोच नको. दुकानदार "शंभर वर्षं टिकेल" म्हणतो, पण उष्णतेने चिकटलेलं ते प्लास्टिक कागदाला धक्का न लावता काढता येत नाही. डांबराच्या गोळ्यांनी कसर थोडी दूर राहते. त्या वासात कागद वाचणाऱ्याला मात्र त्रास होतो, मी वर्षानुवर्षं भोगला आहे. त्यापेक्षा कोरडी हवा आणि महिन्याकाठी एक नजर. बांधायला मांजरपाट घ्या, न रंगवलेला, एकदा धुतलेला. रुमालाची आपली जुनी पद्धत चांगलीच होती : कापड श्वास घेतं, प्लास्टिकची पिशवी घाम धरते. हे सगळं पावसाळ्यात करू नका. पाऊस गेल्यावर, दसऱ्याच्या आसपास करा, म्हणजे वाडा पडायच्या आत होईल.

आणि घरात वयस्कर कुणी असेल तर आजच त्यांच्याशेजारी बसा. आजोबांचं अक्षर कुठलं, टोपणनावं कुणाची, फोटोत डावीकडून तिसरा कोण, हे सांगणारं माणूस गेलं की ते कुठल्याही ग्रंथालयात सापडत नाही.

कुठे द्यायचं? डेक्कनला गोखले संस्थेचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय आहे, सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, विद्यापीठात जयकर ग्रंथालय आहे. आधी नुसतीच यादी घेऊन भेटा. तुमचा विषय त्यांच्या संग्रहात बसतो का ते विचारा. मग तीन गोष्टी विचारा : सूची कधी होईल, कागद कुठल्या खोलीत राहतील, वाचकाला किती दिवसांत बघायला मिळतील. तिन्हींची सरळ उत्तरं मिळाली की द्या. दानपत्र लिहून घ्या आणि त्याची प्रत घरी ठेवा.

तुमची पेठ नदीकाठची. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांतल्या तळमजल्यांवरचं किती काय वाहून गेलं याची मोजदाद कधी होणार नाही. तुमची ट्रंक माळ्यावर होती म्हणून राहिली. आता ती जेसीबीखाली जाऊ देऊ नका.

प्रश्न : मी राज्यशास्त्रात एम. ए. करते आहे. प्रबंधिकेसाठी होमरूल चळवळीचा पुण्यातला प्रसार हा विषय घेतला आहे. आमच्या वर्गात सगळे म्हणतात, ऑनलाइन सगळं मिळतं, दफ्तरात जाऊन धूळ कशाला खायची. खरंच जायला हवं का? आणि गेले तर सुरुवात कुठून करू?
(एक विद्यार्थिनी, औंध)

उत्तर : ऑनलाइन जे मिळतं ते जरूर वापर. राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' हे संकेतस्थळ मोठी सोय आहे. माझ्या उमेदीच्या काळात तेवढ्यासाठी दिल्लीची गाडी पकडावी लागे. पण संगणकावर तू जे शोधतेस तेवढंच समोर येतं. फाईल हातात घेतलीस की शेजारचा कागदही दिसतो, समासात कुण्या साहेबाने तांबड्या पेन्सिलीने मारलेली रेघ दिसते, आणि ज्याचा शोध घ्यायचं तुझ्या मनातही नव्हतं ते सापडतं.

तुझा विषय चांगला आहे, त्यातलंच एक उदाहरण घेऊ. १९१६ च्या मे-जूनमध्ये लोकमान्यांनी बेळगाव आणि अहमदनगर इथे स्वराज्यावर, म्हणजेच होमरूलवर भाषणं केली. सरकारी माणसांनी ती लघुलिपीत उतरवून घेतली आणि त्यावरून टिळकांकडून २० हजार रुपयांचा जातमुचलका, म्हणजे चांगल्या वागणुकीची लेखी हमी मागितली गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबई हायकोर्टाने तो हुकूम रद्द केला. टिळकांच्या बाजूने बॅरिस्टर जिना उभे होते. आता यातली मोठी गोष्ट बघ : ज्या सरकारला टिळकांचं तोंड बंद करायचं होतं, त्याच सरकारच्या लेखनिकांनी टिळक सभेत प्रत्यक्ष कसे बोलत, वाक्य कुठे तोडत, शेतकऱ्याला समजेल असा दाखला कसा देत, हे आपल्यासाठी जपून ठेवलं.

पण तो लेखनिक तिथे राजद्रोह शोधायला बसला होता, हे एक क्षणही विसरू नकोस. त्याच्या कानाला जे टोचलं ते त्याने नीट लिहिलं असणार. बाकीच्याची हमी नाही. म्हणून एकच सभा घे आणि तिच्याकडे तीन बाजूंनी बघ. सरकारी अहवाल एका बाजूला. टिळकांचा स्वतःचा 'केसरी' काय छापतो ते दुसऱ्या बाजूला. आणि तिसरीकडे 'ज्ञानप्रकाश', १८४९ पासून पुण्यात चाललेलं पत्र, जे या काळात नेमस्तांच्या (मवाळांच्या), गोखल्यांच्या भारत सेवक समाजाच्या गोटातलं होतं. तिघांत जे समान आहे ते बहुधा घडलं. जिथे तिघे वेगळे बोलतात तिथे तुझी प्रबंधिका सुरू होते. एवढं एक प्रकरण नीट केलंस तरी तुझ्या मार्गदर्शकांना आनंद होईल.

आणखी एक साधन विद्यार्थी फार विसरतात. इंग्रज सरकार देशी वर्तमानपत्रांतल्या मजकुराचे इंग्रजी सारांश दर आठवड्याला छापून घेत असे, अर्थात गुप्तपणे, अधिकाऱ्यांसाठी. आज त्याचा उपयोग उलटा होतो. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या 'दीनबंधू'सारख्या सत्यशोधक पत्राचे जुने अंक दुर्मिळ झाले आहेत; सत्यशोधकांचं म्हणणं काय होतं हे पुष्कळदा या सारांशांतूनच वाचावं लागतं. भाषांतरकाराने काय गाळलं असेल याची शंका मनात ठेवून वाचायचं. ज्यांच्याकडे पैसा आणि छापखाना होता त्यांचे कागद टिकले, ज्यांच्याकडे नव्हता त्यांचे विरले. दफ्तरात बसल्यावर समोर काय आहे याच्या इतकंच समोर काय नाही याकडे लक्ष दे. होमरूलच्या सभांना बायका होत्या का, महारवाड्यातलं कुणी होतं का, ब्राह्मणेतर पुढारी त्या वेळी काय म्हणत होते, हे तुला 'केसरी'त मिळणार नाही. दुसऱ्या जागी शोधावं लागेल.

सुरुवात छापील साधनांपासून कर. मुंबई सरकारने १९५७ पासून स्वातंत्र्यचळवळीच्या इतिहासाची साधनं खंडरूपाने काढली आहेत. दुसरा खंड १८८५ ते १९२० चा आहे, तुझ्याच काळाचा. मग इतिहासकार य. दि. फडके यांच्या कुठल्याही ग्रंथाच्या तळटीपा वाच, मजकुराआधी तळटीपा. फडक्यांनी पोलिसांच्या फायली, जुनी वर्तमानपत्रं आणि खासगी पत्रं एकमेकांवर घासून पाहिली, तोच आपल्याकडचा वस्तुपाठ आहे. तिथून फायलींचे क्रमांक घेऊन मुंबईला जा; एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात गृह खात्याच्या विशेष शाखेच्या फायली आहेत. मार्गदर्शकांचं पत्र आणि ओळखपत्र बरोबर ठेव. शाईचं पेन बाहेर, पेन्सिल आत. बोटाला थुंकी लावून पान उलटायचं नाही. प्रत्येक टिपणाच्या डोक्यावर खातं, वर्ष, फाईल क्रमांक, पान, मगच मजकूर. संध्याकाळी दमून घरी जाताना हे राहतं आणि सहा महिन्यांनी रडायला येतं. माझ्यासमोर किती मुलं रडली आहेत.

मोडी शिकलीस तर सोन्याहून पिवळं. १९१६ ची छापील साधनं देवनागरीत आहेत, पण त्या काळातल्या घरगुती वह्या आणि चिठ्ठ्या कित्येकदा मोडीत निघतात. भारत इतिहास संशोधक मंडळात वर्ग चालतात.

प्रश्न : माझे वडील पुण्याच्या राजकारणात बरीच वर्षं होते. त्यांच्या रोजनिश्या माझ्याकडे आहेत. त्यांत काही माणसांविषयी फार कडवट लिहिलं आहे. त्यांतली काही हयात आहेत, काहींच्या मुलांशी आमचा घरोबा आहे. मी ७४ वर्षांची आहे. माझ्यामागे भांडणं नकोत म्हणून जाळून टाकाव्यात असं मनात येतं.
(एक वाचक, कोथरूड)

उत्तर : ताई, जाळू नका. तुमची काळजी खरी आहे आणि तिच्यावर उपायही आहे.

मौलाना आझादांनी आपल्या आत्मकथनातली सुमारे ३० पानं पुस्तकाबरोबर छापू दिली नाहीत. ती मोहोरबंद करून कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ठेवली गेली. त्यांच्या निधनानंतर ३० वर्षांनी, १९८८ मध्ये, ती उघडून छापली गेली. तोवर ज्यांच्याविषयी लिहिलं होतं त्यांतले बहुतेक गेले होते. ग्रंथालय हे असंही करू शकतं : जपायचं, पण उघडायचं नाही.

तुम्हालाही हे करता येईल. दानपत्रात लिहा, की या रोजनिश्या अमुक वर्षापर्यंत कुणालाही दाखवू नयेत. ३० वर्षं हा आपल्याकडे ओळखीचा काळ आहे. सरकारी अभिलेखांच्या १९९३ च्या केंद्रीय कायद्याखालीही ३० वर्षांपेक्षा जुने, गोपनीय नसलेले कागद अभ्यासकांना खुले करण्याची तरतूद आहे. वही कापडात बांधून, लाखेने मोहोर करून, वर उघडण्याचं वर्ष लिहून द्या. पण कृपा करून मुदत लिहाच. "योग्य वेळी उघडावे" असं लिहिलेली पाकिटं मी पाहिली आहेत. ती योग्य वेळ ठरवायला कुणी धजावत नाही आणि पाकीट तसंच राहतं. पानं फाडणं किंवा ओळींवर शाई फिरवणं हेही नको. उद्याचा वाचक त्या काळ्या पट्टीखाली असेल त्याहून वाईट काहीतरी कल्पेल.

तुमच्याजवळ वडिलांना आलेली पत्रंही असतील. कागद तुमचा, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्यामागे वारसांचा. ग्रंथालयाला तुम्ही कागद देता, तो हक्क देऊ शकत नाही. लोकांसाठी खुल्या असलेल्या ग्रंथालयातल्या अप्रकाशित लेखनाचा लेखक जाऊन ६० वर्षं उलटली असतील, तर अभ्यासासाठी आणि प्रकाशनासाठीही त्याची नक्कल करायला कायदा मुभा देतो. दानपत्र करताना वकिलांना हे एकदा विचारून घ्या.

वडिलांचा कडवटपणा हाही त्या काळाचा पुरावा आहे. माणसं एका व्यासपीठावर हार घालून घेत होती आणि रात्री वहीत काय लिहीत होती, या दोन्हींतून राजकारण कळतं.

प्रश्न : गोखले पुण्याचे, जयकर पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. तरी त्यांचे कागद दिल्लीला! पुण्याची ठेव पुण्यात का नसावी?
(एक वाचक, सहकारनगर)

उत्तर : ठेव जिवंत आहे, याचं मला आधी समाधान वाटतं. गोखले, जयकर, दादासाहेब खापर्डे यांचे खासगी कागद राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. तिथल्याच तीन मूर्ती भवनात, ज्याचं नाव आता प्रधानमंत्री संग्रहालय आणि ग्रंथालय आहे, काँग्रेस महासमिती आणि हिंदू महासभा या दोघांचे कागद आहेत, महासभेचे नेते मुंजे यांचेही आहेत. एकमेकांविरुद्ध लढलेल्यांचे कागद एका छताखाली असले की अभ्यासकाला सकाळी एक फाईल आणि दुपारी तिचं उत्तर वाचता येतं. ते मला भावतं. पुण्याने मागायचं असेल तर मूळ कागद नव्हेत, पूर्ण सूची आणि नकला मागाव्यात. आणि इथे जे आहे त्याची सूची आधी पुरी करावी. बांधून कपाटात ठेवलेला आणि यादीत नसलेला कागद वाचकापुरता नाहीच.

प्रश्न : मी एका पक्षाचा वॉर्ड पातळीवरचा कार्यकर्ता आहे. वय २६. आमचं सगळं व्हॉट्सॲपवर चालतं. पन्नास वर्षांनी कुणाला आमच्याबद्दल लिहायचं झालं तर आमची ट्रंक कुठे असेल?
(एक वाचक, हडपसर)

उत्तर : हा प्रश्न तुम्ही विचारलात याचा मला फार आनंद झाला. ट्रंक तुम्हालाच तयार करायची आहे, आणि ती आत्ताच करावी लागेल. कागद माळ्यावर साठ वर्षं पडून राहतो. फोन तीन वर्षांत बदलतो.

वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात १९८३ पासून राजकीय कागदपत्रांसाठी स्वतंत्र व्यवस्था आहे. तिथे फक्त निवडून आलेल्यांचं गोळा करत नाहीत. सगळ्या पक्षांचं, हरलेल्यांचंही, निवडणुकीत दारात पडलेली पत्रकंसुद्धा ठेवतात. पुण्यात महापालिकेच्या निवडणुका इतक्या झाल्या, पण प्रत्येक प्रभागातली सगळ्या उमेदवारांची पत्रकं क्रमाने एका जागी बघायला मिळावीत, ही माझी फार जुनी इच्छा आहे.

तुम्ही असं करा. निवडणुकीत तुमच्या दारात आलेलं प्रत्येक पत्रक ठेवा, विरोधकाचं आधी. पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावं-पत्ते असणं कायद्याने बंधनकारक आहे; नसेल तर तसं मागे पेन्सिलीने लिहा, कारण तीही माहितीच. कुठे मिळालं, कुठल्या तारखेला, कुणी दिलं, या तीन गोष्टी लिहा. फ्लेक्स ठेवता येणार नाही, फोटो घ्या, पण जवळून नको. चौक, दुकानं, रस्ता दिसेल असा दुरून घ्या. व्हॉट्सॲपच्या गटातला मजकूर दर तीन महिन्यांनी बाहेर काढून साठवा. ती सोय ॲपमध्येच आहे. गटातल्या इतरांना आधी सांगा, त्यांचे नंबर आणि घरच्या गोष्टी त्यात असतात. फाईलला 'नवीन १' असं नाव देऊ नका. वर्ष, महिना, प्रभाग, विषय असं द्या. दोन ठिकाणी ठेवा, त्यातली एक जागा घराबाहेरची असू द्या.

आणि बैठकीची एक साधी रेघी वही घाला. कोण आलं, काय ठरलं, कुणाचा विरोध होता, चहाचे पैसे कुणी दिले. पहिल्या पानावर तुमचं नाव आणि आजची तारीख लिहा. पहिली वही भरली की मला कळवा, मला ती बघायची आहे.